खोटं आणि खून एकाच मापाचे? ख्रिस्ती धर्मातल्या पापाविषयी

प्रश्न असा आहे. शेजारच्या घरातल्या बाळाचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) होता म्हणून इंदूरच्या रामबागेतल्या एक ताई सासूबाईंना घेऊन रविवारी चर्चमध्ये गेल्या. उपासनेत सगळी मंडळी उभी राहून एका सुरात 'हमने पाप किया है' असं म्हणाली. घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "मी बापडीनं जन्मात कोणाचं काय बिघडवलं? आणि त्या दोन महिन्यांच्या पोरानं तरी काय केलं?" शेजारच्या तरुण मुलाने त्यांना समजावलं की देवापुढे लहान-मोठं पाप असं काही नसतं, खोटं बोलणं आणि खून करणं सारखंच. ताई विचारतात: तुमच्या धर्मात हे खरंच असं आहे का? आणि दर रविवारी माफी मागून मोकळं होता येत असेल, तर पाप इतकं गंभीर कसलं?

ताई, मी निवृत्त पाळक आहे. सारी सेवा माळव्यात झाली. व्यासपीठावर हिंदी आणि घरात मराठी. प्रोटेस्टंट परंपरेतला असल्यामुळे कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंचं उत्तर माझ्याहून थोडं निराळं आलं असतं. फरक जिथे आहे तिथे सांगत जाईन.

आधी त्या मुलाचं वाक्य. 'सगळी पापं सारखी' हे मी आमच्याच तरुण मंडळींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय. पण बायबल असं म्हणत नाही. १६४७ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरीवर प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) मंडळ्यांच्या पिढ्या वाढल्या. तीत 'सर्व आज्ञाभंग सारखेच घोर आहेत काय?' असा सरळ प्रश्नच घातला आहे, आणि उत्तराचा मथितार्थ असा, की काही पापं मुळातच आणि काही परिस्थितीमुळे देवाच्या दृष्टीने इतरांपेक्षा जास्त घोर असतात. १८७७ साली इंदुरात आलेलं कॅनडाचं मिशन ह्याच परंपरेचं. १८८७ साली निघालेलं, जिथे पुढे किशोरकुमार शिकले, ते ख्रिश्चन कॉलेज त्याच मिशनचं. म्हणजे हे उत्तर आपल्या गावाला काही नवं नाही. आम्हीच ते शिकवायचं सोडून दिलंय.

येशूच्या स्वतःच्या बोलण्यात कमी-जास्त स्पष्ट आहे. त्याचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदार पिलातापुढे उभा असताना तो म्हणतो, ज्याने मला तुझ्या हाती दिलं त्याचं पाप अधिक आहे. मालकाची इच्छा माहीत असून न वागणाऱ्या चाकराला पुष्कळ फटके आणि माहीत नसलेल्याला थोडे, असं लूकच्या (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक; मत्तय, मार्क, योहान ही इतर) बाराव्या अध्यायात आहे. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी लोक, घरातल्या पुदिना, शेप, जिऱ्याचासुद्धा दहावा हिस्सा मोजून देवाला देत, आणि न्याय, दया, इमान मात्र बाजूला ठेवत. त्यांना तो सांगतो की नियमशास्त्रातल्या ह्या जास्त वजनाच्या गोष्टी तुम्ही सोडल्यात. सगळंच सारखं असतं तर 'जास्त वजनाच्या' म्हणायचं कारण काय?

मग हा गोंधळ आला कुठून? दोन-तीन वचनं संदर्भातून उपटून घेतल्यामुळे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात म्हटलंय की सगळं नियमशास्त्र पाळून एका बाबतीत चुकणारा सगळ्याविषयी दोषी ठरतो. त्याचं कारण याकोब लगेच पुढच्या ओळीत देतो: 'व्यभिचार करू नको' म्हणणारा आणि 'खून करू नको' म्हणणारा एकच आहे. आज्ञा कोणतीही मोडा, अवमान त्याचाच होतो. व्यभिचार आणि खून यांचं वजन सारखं, असं त्यात कुठेही नाही. तसंच डोंगरावरच्या प्रवचनात भावावर रागावणाराही न्यायाला पात्र ठरतो असं येशू म्हणतो, तेव्हा खुनाची मुळी मनात कुठे रुजते ते तो दाखवतो. राग आणि खून अगदी सारखे असते, तर 'रागावलोच आहे तर मारूनही टाकतो' असं म्हणायला काय हरकत होती? तो अर्थ काढणाऱ्याने येशूचं म्हणणं उलटं केलं.

ह्यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट लूकच्या सातव्या अध्यायात आहे. शिमोन नावाच्या परूश्याकडे येशू जेवायला गेला आहे. गावात जिची अब्रू गेलेली आहे अशी एक बाई न बोलावता आत येते, रडते, त्याचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते, त्यांवर सुगंधी तेल ओतते. यजमान मनात म्हणतो, हा खरा संदेष्टा असता तर ही कोण आहे ते याला कळलं असतं. येशू त्याला एक गोष्ट सांगतो. एका सावकाराचे दोन कर्जदार होते. एकावर पाचशे दीनारांचं कर्ज, दुसऱ्यावर पन्नास. दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा एकाचं देणं दीड वर्षाच्या मजुरीएवढं आणि दुसऱ्याचं दोनेक महिन्यांच्या. फेडायला दोघांकडेही काही नव्हतं. सावकाराने दोघांनाही सोडून दिलं. दोघांपैकी कोण त्याच्यावर जास्त प्रेम करील?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्या गोष्टीतच आहे. कर्जं सारखी नाहीत. पाचशे आणि पन्नास यांत दहापट फरक आहे आणि येशू तो पुसत नाही. पण खिसा दोघांचाही रिकामा आहे. 'सर्वांनी पाप केलं आहे' असं येशूचा प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हणतो ते ह्या रिकाम्या खिशाविषयी. त्याच पत्रात 'पापाचं वेतन मरण' हेही आहे, आणि वाक्य तिथे थांबत नाही. लगेच देवाच्या फुकट देणगीकडे जातं. शेजारच्या मुलाने खिशाबद्दलचं खरं कर्जाच्या आकड्याला लावलं, एवढीच त्याची चूक.

आता आजींचं, म्हणजे तुमच्या सासूबाईंचं, म्हणणं. 'मी कोणाचं काय बिघडवलं' यामागे पाप-पुण्याची खतावणी आहे: इकडे पापं, तिकडे पुण्यं, शेवटी शिल्लक काय ते बघायचं. आजींच्या खात्यावर पुण्य भरपूर असणार, यात मला शंका नाही. पण ख्रिस्ती शिकवणीत खतावणी अशी मांडलेलीच नाही. पाप हे आधी कृत्यांच्या यादीत सापडत नाही. ते देवाशी असलेल्या नात्यात सापडतं, आणि कृत्यं त्यातून निघतात. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम-हव्वेने फळ खाल्लं (सफरचंद नव्हे, कुठलं फळ ते तिथे लिहिलेलंच नाही), पण बिघाड खाण्याच्या आधीच झाला आहे. साप विचारतो, "देवाने खरंच असं सांगितलं काय?" आणि बाईच्या मनात येतं की देव आपल्यापासून काही तरी चांगलं लपवून ठेवतोय. विश्वास तिथे तुटला. मग लपणं आलं, उघडेपणाची लाज आली, आणि देवाने विचारल्यावर आदामाचं उत्तर तर ऐकण्यासारखं आहे: तू मला दिलेल्या ह्या बाईने मला दिलं. एका वाक्यात बायकोवर ढकललं आणि 'तू दिलेल्या' म्हणून देवालाही ओढलं! ती सापावर ढकलते. नवरा-बायको, माणूस आणि माती, माणूस आणि देव, सगळी नाती त्या एका अध्यायात तुटतात. पुढच्या अध्यायात भावाचा खून आहे.

जाता जाता: आदिपाप (आदाम-हव्वेचं ते पहिलं पाप) म्हणजे शरीरसंबंध, अशी एक समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे, शिकलेल्या लोकांतसुद्धा. 'फलद्रूप व्हा' हा आशीर्वाद उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, पापाच्या आधी दिलेला आहे. तेव्हा ती समजूत सोडून द्यावी.

आजींना माझ्याकडून एक विचारा. पंढरीनाथच्या देवळात भजनाला बसतात तेव्हा 'पतितपावन' म्हणताना त्यांना राग येतो का? आपले संत स्वतःला पतित म्हणवून घेतात, आणि ते कुणाचं घर फोडून आलेले नव्हते. देवाच्या जवळ गेल्यावर स्वतःविषयी जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. दोन्ही धर्मांचं म्हणणं एकच आहे असं मी सुचवत नाही. कर्म, पुनर्जन्म, वधस्तंभ ह्या मुद्द्यांवर वाटा वेगळ्या होतात आणि त्या वेगळ्याच राहू द्याव्यात. पण 'मी पापी' असं देवासमोर म्हणणं हा आजींना परका सूर नाही. परक्या चर्चमध्ये, परक्या लोकांच्या तोंडून ऐकल्यामुळे तो आरोपासारखा लागला. आणि त्या दोषाचा काही भाग आमच्याकडेही येतो. रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून 'तुम्ही पापी आहात' असं सुरू करणारे आमच्यात आहेत. मला ती पद्धत कधीच आवडली नाही. येशूने तसं वेश्येला किंवा जकातदाराला म्हटल्याचं दिसत नाही. त्याचे कडक शब्द धर्मपंडितांसाठी राखलेले होते.

त्या सामूहिक प्रार्थनेत आणखी एक गोष्ट आहे, ती बहुधा गडबडीत ऐकू आली नसेल. इंग्लंडच्या चर्चच्या १५५२ सालच्या प्रार्थनापुस्तकापासून आमच्याकडे चालत आलेला पापांगीकार सांगतो की जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही, आणि जे करायला नको होतं ते केलं. क्रम बघा, न केलेलं आधी. याकोबही म्हणतो, चांगलं काय ते कळत असून न करणं हे पाप. आजींनी कोणाचं बिघडवलं नसेल. पण ज्याचं बिघडत होतं त्याच्याकडे आपण बघितलं का, हा प्रश्न वेगळा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दृश्यात डाव्या बाजूच्या लोकांवर चोरीचा किंवा खुनाचा एकही आरोप नाही. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं नाही. तुरुंगात होतो, भेटायला आला नाहीत. एवढंच.

आमोस संदेष्टा तर थेट बाजारात शिरतो: जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणारे, मापात मारणारे, तराजू खोटा धरणारे. अशी पापं एकट्याची नसतात. गावच्या गाव त्यात सामील असतं आणि कुणालाच आपण पापी वाटत नाही. आमच्या मंडळ्यांतही सोयरीक ठरवताना मूळची जात हळूच विचारली जाते. रविवारी तीच माणसं 'आम्ही पाप केलं आहे' म्हणतात आणि त्या वेळी हे त्यांच्या मनातही येत नाही. मी व्यासपीठावरून बोललो की पुढचे पंधरा दिवस कुणी चहाला बोलवत नसे.

पापाचं वजन समजायला दावीद राजाची गोष्ट वाचावी. बायबलमधल्या '२ शमुवेल' पुस्तकाचा अकरावा आणि बारावा अध्याय. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला एक स्नान करणारी स्त्री दिसते. चौकशी करतो. ती उरीया हित्तीची बायको बथशेबा, हे कळल्यावरही तिला आणायला माणसं पाठवतो. ती गरोदर राहिल्याचा निरोप येतो. मग लपवाछपवी. लढाईवर असलेल्या उरीयाला बोलावून घरी जा म्हणतो. उरीया जात नाही, कारण सगळे सैनिक उघड्यावर पडलेले असताना मी घरी जाऊन सुखाने कसा राहू? दुसऱ्या रात्री त्याला दारू पाजून पाहतो. तरी तो राजवाड्यातल्या चाकरांसोबतच झोपतो. शेवटी दावीद सेनापती यवाबाला पत्र लिहितो की उरीयाला घनघोर लढाईच्या तोंडाशी ठेवा आणि मागे सरा, म्हणजे तो मरेल. आणि ते पत्र उरीयाच्याच हाती देतो.

मी हा भाग अनेकदा शिकवला आहे आणि ह्या पत्रापाशी दर वेळी थांबतो. इमानी माणूस आहे, वाटेत पत्र उघडणार नाही, हे दावीदाला माहीत आहे. त्याच्या प्रामाणिकपणाचाच वापर करून तो त्याला मारतो. सुरुवात कशाने झाली होती? एका नजरेने. पाप वाढतं कसं, हे इतकं कोरडेपणाने दुसरीकडे सांगितलेलं मला आठवत नाही.

मग नाथान संदेष्टा येतो आणि राजाला एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. पाहुणा आला म्हणून शेजारच्या श्रीमंताने स्वतःच्या कळपाला हात न लावता ती कापली. दावीद संतापतो: असं करणारा मरणाला पात्र आहे! नाथान म्हणतो, तो माणूस तूच आहेस. दुसऱ्याचं पाप आपल्याला किती स्वच्छ दिसतं, बघा. बायबलमधल्या एकावन्नाव्या स्तोत्राच्या मथळ्यात ते ह्याच प्रसंगानंतरचं म्हटलं आहे, आणि त्यात दावीद देवाला म्हणतो: तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं आहे.

इथे कुणालाही राग यावा. केवळ देवाविरुद्ध? उरीयाचं काय? बथशेबेचं काय? एका बैठकीत एका बाईंनी मला हे तोंडावर विचारलं होतं आणि मला ते फार योग्य वाटलं. ह्या ओळीचा अर्थ उरीया गौण आहे असा घेतला तर ती ओळ भयंकर होते. पण नाथानाचे शब्द शेजारी ठेवून वाचा: तू परमेश्वराचं वचन तुच्छ मानलंस, उरीयाला तलवारीने मारलंस. दोन्ही आरोप एका दमात आहेत. बायबलच्या मते माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. उत्पत्तीत खुनाची बंदी ह्याच कारणासाठी घातली आहे. म्हणून उरीयाविरुद्धचा गुन्हा थेट देवापर्यंत पोचतो. दावीद राजा होता, गावातल्या कुठल्याही न्यायाधीशापुढे त्याला उभं राहावं लागणार नव्हतं. पण उरीयाच्या मागे देव उभा आहे हे त्याला उशिरा दिसलं. पापाचं गांभीर्य ख्रिस्ती विचारात इथून येतं, की ते कोणाविरुद्ध आहे. कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी अकराव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या संवादात ते शिष्याला म्हणतात, पापाचं वजन किती असतं ह्याचा तू अजून विचारच केलेला नाहीस.

नाथान लगेच क्षमाही सांगतो: परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. तरी तलवार तुझ्या घरातून जाणार नाही, असंही सांगतो, आणि पुढचे अध्याय वाचले की ते खरं झालेलं दिसतं. क्षमा झाली म्हणून परिणाम पुसले गेले नाहीत.

बाळाविषयी. इथे आमच्यात एकमत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाच्या तपस्व्याचं म्हणणं होतं की माणूस जन्मतः आदामासारखाच निर्दोष, हवं तर तो पाप टाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याला कडाडून विरोध केला. मानवजात आदामात पडली आणि आपली इच्छाशक्तीच वाकलेली आहे. ४१८ सालच्या कार्थेजच्या परिषदेने पेलागियसच्या मताविरुद्ध निर्णय दिला. ऑर्थोडॉक्स मंडळ्या ऑगस्टीनइतक्या पुढे जात नाहीत. त्यांच्या मते आपल्याला आदामाकडून मरण आणि बिघडलेली प्रकृती मिळते, त्याचा अपराध मिळत नाही. कॅथलिक चर्चने १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत ठरवलं की बाप्तिस्म्याने आदिपाप नाहीसं होतं, पापाकडची ओढ मात्र उरते, आणि ती ओढ स्वतः पाप नव्हे. प्रोटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणारे लूथर आणि नंतरचे आमचे लोक त्या ओढीलाही पापच म्हणतात. शेजारचं बाळ ज्या मंडळीत नेलं होतं ती जर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल, तर तिथे बालबाप्तिस्मा आणि मोठेपणी घ्यायचा बाप्तिस्मा, दोन्ही चालतात.

मी स्वतः आजीबाईंना काय सांगेन? त्या पोराने काही केलेलं नाही. दुसऱ्याच्या पापाची शिक्षा त्याला नाही; मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, हे यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात स्वच्छ आहे. पण ते ज्या घरात, ज्या जगात आलंय तिथे मत्सर, भीती, माझं-तुझं आधीच भरलेलं आहे आणि कुणीही न शिकवता ते शिकणार आहे. दीड-दोन वर्षांचं पोर हातातलं खेळणं मागे लपवून 'नाहीये' म्हणतं, ते कुठल्या शाळेत शिकतं? आदिपापाचा सिद्धांत मला एवढ्यापुरता पटतो. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळांना नरक, असं जुने काही लोक सांगत. २००७ साली कॅथलिक चर्चच्या ईश्वरविद्या आयोगानेही अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे असं म्हटलं. मी तर कुठल्याच आईला दुसरं काही सांगितलेलं नाही.

ह्याच ओघात एक गोष्ट, जिचा मला आजही संताप येतो. मूल अपंग जन्मलं, कॅन्सर झाला, गर्भ राहत नाही, की कुणीतरी प्रार्थनेला येतं आणि विचारतं, 'घरात काही लपलेलं पाप आहे का?' योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून हेच विचारतात: कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापाने? येशूचं उत्तर: यानेही नाही आणि आईबापानेही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांहून अधिक अपराधी होती असं समजू नका, हेही त्याचंच. इतकं स्पष्ट असूनही लोक थांबत नाहीत. असं विचारणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, मग तो कितीही मोठी बायबल काखेत घेऊन येवो.

आता शेवटचा प्रश्न, रविवारच्या माफीचा. एक गृहस्थ, बऱ्या नोकरीतून निवृत्त झालेले, एकदा माझ्याकडे आले. चर्चमध्ये नवी बाकं बसवायची होती, सगळा खर्च मी देतो म्हणाले. बोलता बोलता निघालं ते असं. वडील गेल्यावर घर स्वतःच्या नावावर व्हावं म्हणून त्यांनी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, बँकेचा कागद आहे असं सांगून. बहीण कमी शिकलेली, विश्वासाने सही केली. पुढे तिचे दिवस फार ओढाताणीत गेले. ते म्हणाले, "मी देवाकडे माफी मागितलीय, त्याने केली असेल ना?" मी त्यांना मत्तयाचा पाचवा अध्याय उघडून दिला: वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. बाकं राहू द्या, देवासला बहिणीकडे जा, असं सांगितलं. ते रागावून गेले. बऱ्याच दिवसांनी परत आले. एक प्लॉट विकला होता, आजच्या भावाने तिचा वाटा काढून ड्राफ्ट नेऊन दिला होता. बहिणीने ड्राफ्ट घेतला आणि विचारलं, "आईच्या मयतात माझ्या गळ्यात पडून रडलास, तेव्हा नाही आठवलं?" त्यानंतर ती बराच काळ त्यांच्या घरी आली नाही. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली की मी सगळं केलं तरी ती बोलत नाही. मी म्हटलं, क्षमा मागायचं काम तुमचं होतं. ती कधी आणि कशी द्यायची हे तिचं आहे.

जकातदार जक्कयाने येशू घरी आल्यावर उभं राहून काय म्हटलं? कोणाचं काही फसवून घेतलं असेल तर चौपट परत देतो. पश्चात्ताप असा पैशात, कागदपत्रांत, पोलीस ठाण्यात उतरतो. कॅथलिक पद्धतीत धर्मगुरूपुढे पाप सांगितल्यावर प्रायश्चित्त नेमून दिलं जातं, आणि चोरलेलं परत केल्याशिवाय नुसत्या प्रार्थना पुरत नाहीत, हे तेही सांगतात. घातक पाप आणि हलकं पाप हा त्यांचा भेद आम्ही तसाच्या तसा मानत नाही, पण कसोट्या विचार करण्यासारख्या आहेत: बाब गंभीर असणं, पूर्ण जाणीव असणं आणि राजीखुशीने केलेलं असणं. तिन्ही असतील तर घातक.

क्षमा स्वस्त नसते याचं उदाहरण शोधायला इंदूरच्या बाहेर जावं लागत नाही. केरळहून आलेल्या सिस्टर रानी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात गरीब आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. तो २००६ मध्ये सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच रानी मारियांना 'धन्य' (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. त्या कुटुंबाने खुनाला चूक किंवा गैरसमज म्हटलं नाही. खून म्हणूनच त्याची क्षमा केली, आणि तो माणूस अनेक वर्षं तुरुंगात होता. नवरा मारतो तरी 'सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर' म्हणून बाईला परत त्याच घरी पाठवणारे पाळक मी पाहिलेत. त्यांनी हा फरक समजून घ्यावा. क्षमा करणाऱ्या बाईला तक्रार नोंदवायचा हक्क असतोच.

क्षमा न होणारं पाप कोणतं, हेही लोक नेहमी विचारतात, बहुतेक रात्री उशिरा फोन करून. पवित्र आत्म्याची निंदा, असं येशूने म्हटलंय. मार्क तिसऱ्या अध्यायात संदर्भ देतो: येशूचं उघड चांगलं काम डोळ्यांनी बघून शास्त्री त्याला भुताचं काम म्हणत होते. उजेडालाच अंधार म्हणायचं ठरवलेला माणूस क्षमा मागायला येणार कुठून? 'माझ्या हातून ते पाप झालं असेल का' ह्या भीतीने ज्याची झोप उडाली आहे त्याच्या हातून ते झालेलं नाही. त्याला मी झोपायला सांगतो. चार-चार महिने झोप नसेल तर डॉक्टरकडेही पाठवतो.

तुम्हाला स्वतः वाचायचं असेल तर बायबल सोसायटीचं मराठी भाषांतर इंदुरातही मिळतं. लूकपासून सुरू करा: सातवा, पंधरावा आणि अठरावा अध्याय. मग दावीदाचे दोन अध्याय, मग एकावन्नावं स्तोत्र. रोमकरांस पत्र त्यानंतरच हातात घ्या. त्याच्या पहिल्या अध्यायात पापांची लांबलचक यादी आहे आणि ती वाचून 'अगदी खरं, जग किती बिघडलंय' म्हणत पुस्तक मिटणारे आमच्यातही खूप आहेत. कृपा करून तिथे मिटू नका. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत पौल वाचणाऱ्याकडे वळतो, आणि दुसऱ्याला दोष लावणारा तू कोणीही असलास तरी तुला सबब नाही, असं म्हणतो.